कीबोर्ड घेण्याआधी वाजवणारा बघा

रॅकमधल्या सिंथेसायझरला कुठला कंट्रोलर कीबोर्ड जोडावा, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "वाजवणार कोण?" समोरचा चमकतो. त्याला पट्ट्या किती, बटणं किती आणि पैसे किती, एवढंच ऐकायचं असतं. पण हा प्रश्न स्वतःला न विचारता मी एकदा खरेदी केली. त्यात पोरांच्या वर्गणीचे पैसे तर गेलेच, शिवाय एका चांगल्या वाजवणाऱ्याला मी जवळजवळ कायमचं गप्प बसवलं होतं. म्हणून या विषयावर माझं मत जरा ठाम आहे.

आधी डब्याची ओळख करून देतो. माझ्याकडे रोलँडचा जेव्ही-१०८० आहे. हा १९९४ साली बाजारात आला. एकोणीस इंच रुंद, साडेतीन इंच उंच, काळा पत्र्याचा डबा. पुढे छोटा पडदा आणि थोडी बटणं, मागे सॉकेटांची रांग. पट्टी एकही नाही. मुंबईतल्या एका स्टुडिओने सगळं काम कॉम्प्युटरवर नेलं तेव्हा हा डबा काढून टाकला होता, तो मी सुट्टीत असताना घेतला. तेव्हापासून काळ्या ट्रंकेत, कांबळ्यात गुंडाळून तो माझ्याबरोबर पंजाब, राजस्थान आणि आसाम फिरला आहे. बायको म्हणायची, "माझ्या साड्यांना जागा नाही आणि याला कांबळं!"

या डब्यात एका वेळी चौसष्ट आवाज निघतात आणि सोळा वेगवेगळी वाद्यं वाजू शकतात. जनरल मिडी नावाच्या ठरलेल्या यादीप्रमाणे १०५ नंबरवर सतार, ११२ वर शहनाई आणि ११० वर चक्क बॅगपाइप. आमच्या पाइप बँडच्या हवालदाराला मी तो ऐकवला. तो म्हणाला, "साहब, ये पाइप नहीं, पाइप का फोटो है।" असो.

आजच्या काळात हे सगळं लॅपटॉपवर होतं, मग हा तीस वर्षांचा डबा कशाला, असं मुलं विचारतात. घरी बसून वाजवणाऱ्याला लॅपटॉप उत्तमच आहे. पण युनिटच्या आवारात खाजगी लॅपटॉप, इंटरनेट, ब्लूटूथ यांवर किती बंधनं असतात हे माजी सैनिकांना सांगायला नको. हा डबा कुणाशी काही बोलत नाही, काही साठवून बाहेर पाठवत नाही. स्विच दाबला की काही सेकंदांत तयार. बडाखान्याच्या मध्येच जनरेटर बदलताना वीज गेली, तरी परत आल्यावर तो लगेच उभा राहतो.

आता कंट्रोलरकडे येऊ. मी सिग्नल्सचा माणूस, म्हणून सिग्नलच्या भाषेत सांगतो. कंट्रोलर कीबोर्ड आवाज पाठवत नाही, तो निरोप पाठवतो. "अमुक चॅनलवर, अमुक पट्टी, इतक्या जोरात दाबली." निरोप तीन बाइटचा. वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे एका निरोपाला साधारण एक मिलिसेकंद लागतो. आवाज तयार करायचं काम पुढच्या डब्याचं. या निरोपांच्या भाषेला मिडी म्हणतात. अमेरिकेतल्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. एकमेकांचे स्पर्धक असूनही जानेवारी १९८३ मध्ये दोन्ही कंपन्यांची वाद्यं एकाच केबलने जोडून दाखवली गेली. पुढे २०१३ मध्ये दोघांना त्याबद्दल टेक्निकल ग्रॅमी मिळालं. त्यांच्या त्या समजूतदारपणामुळेच माझा १९९४ चा डबा आणि आज दुकानातून आणलेला कीबोर्ड एकमेकांशी बोलू शकतात. अट एकच, दोघांनाही तेच पाच पिनांचं सॉकेट पाहिजे. ही अट मला माहीत होती. तरी मी चुकलो.

आमच्या युनिटमध्ये सिंधुदुर्गातला एक हवालदार होता. सगळे त्यांना बुवाच म्हणत, कारण गावाकडे ते डबलबारी भजनाचे बुवा होते. पेटी वाजवत स्वतः गायचे. पखवाज घुमायला लागला आणि बुवांनी तोंड उघडलं की मराठी न कळणारी गढवाली पोरंसुद्धा लंगरमधून ताट घेऊन बाहेर यायची. पेशाने ते ड्रायव्हर. उंचावरच्या एका तैनातीत त्यांच्या डाव्या हाताची तीन बोटं हिमदंशात अर्धी गेली. खालच्या मेडिकल कॅटेगरीत येऊन ते आमच्याकडे स्टोअर सांभाळायला आले.

पेटी वाजवणाऱ्याला हे सांगायला नको की उजवा हात पट्ट्यांवर असतो आणि डावा भात्यावर. बुवांचा उजवा हात शाबूत होता. डाव्या तळव्याने भाता मारता यायचा, पण दहा मिनिटांत हात ठणकायला लागायचा आणि थंडीत तर पाच मिनिटांत. त्यांनी पेटी सोडली होती. त्याबद्दल बोलतही नसत.

माझ्या डोक्यात आलं, आपल्याकडे डबा आहे, त्याला भाताच लागत नाही. बुवांना कीबोर्ड देऊ, गणपतीत आरती जोरात होऊ दे. पोरांनी खुशीने वर्गणी काढली. मी सुट्टीवरून येताना शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो आणि नव्वद टक्के लोक पाहतात तेच पाहिलं. एकोणपन्नास पट्ट्या, सोळा रबरी पॅड, आठ नॉब, आणि दाबलं की रंगीत दिवे. भारी दिसत होता. घेतला.

तेव्हा आम्ही राजस्थानात होतो. कीबोर्ड उघडला तर मागे फक्त यूएसबी. म्हटलं, हरकत नाही, एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला पाच पिना असलेली केबल मिळते. ती मागवली. जोडली. शांतता. दोन दिवस मी, सिग्नल्सचा सुभेदार, इन-आउट अदलाबदल करून बघत बसलो.

कारण साधं होतं. यूएसबीमध्ये एक मालक लागतो, बाकीचे ताबेदार. कीबोर्ड ताबेदार आणि ती केबलही ताबेदार. दोघंही कॉम्प्युटरच्या हुकमाची वाट बघत सावधानमध्ये उभे, आणि हुकूम देणारा तिथे कुणीच नाही. मध्ये मालकाचं काम करणारी वेगळी डबी लागते, तिला यूएसबी होस्ट म्हणतात. ती दिल्लीहून येणाऱ्या मित्राकडून मागवली तेव्हा कुठे आवाज आला. म्हणजे एक जादा डबी, एक जादा अडॅप्टर, आणि वाळवंटात बिघडायला दोन जादा जागा. म्हणून पहिलं मत लिहून ठेवा. रॅकमधला जुना सिंथ असेल तर मागे पाच पिनांचं मिडी आउट असलेलाच कीबोर्ड घ्या. 'केबल मिळते' या शब्दावर विश्वास ठेवू नका.

पण खरी चूक त्यानंतर कळली. बुवा समोर बसले. अभंगाची चाल धरली. एक सूर किंचाळला, पुढचा ऐकूच आला नाही, तिसरा मधलाच. त्यांनी हात काढून पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

पेटीची पट्टी हळू दाबा की जोरात, सूर तितकाच येतो. लहानमोठा करायचा तो भात्याने. सिंथच्या कीबोर्डात प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्क असतात. पहिला आणि दुसरा लागण्यामधला वेळ मोजून यंत्र ठरवतं की पट्टी किती जोरात मारली, आणि तसा १ ते १२७ मधला आकडा पाठवतं. पियानो शिकलेल्या हाताला हे वरदान आहे. तीस वर्षं पेटी वाजवलेल्या हाताने बोटांचा जोर कधी मोजलेलाच नसतो, त्यामुळे आकडे येतील तसे येतात आणि सूर वरखाली उड्या मारतात.

बरं, भाता कुठे? आवाज हळूहळू चढवायचा, शब्द संपताना उतरवायचा, तो कशाने? त्या कीबोर्डला पायाच्या पेडलसाठी एकच सॉकेट होतं आणि तेही सस्टेनचं. सस्टेन म्हणजे चालू किंवा बंद, मधलं काही नाही. मग मी म्हटलं, "बुवा, हे आठ नॉब आहेत ना, यातला पहिला आवाजाला लावून देतो. डाव्या हाताने फिरवा."

त्यांनी प्रयत्न केला. तीन पेरं नसलेल्या माणसाला मी चिमटीत धरून फिरवायचा नॉब दिला होता, आणि हे मला तेव्हा दिसलंही नाही. दोन-तीन वेळा नॉब निसटला. बुवा उठले आणि म्हणाले, "साहेब, आता माका जमाचा नाय. तुमची वर्गणी फुकट गेली." म्हणजे चूक माझी, आणि माफी मागितली त्यांनी. त्या वर्षी गणपतीचे सगळे दिवस आरती मोबाइलच्या स्पीकरवर झाली. बुवा मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

ती गोष्ट मला फार लागली. आपण फौजी माणसं सामान निवडताना कागद बघतो. ज्याच्यात जास्त रकाने भरलेले, ते चांगलं. पण कंट्रोलर हे असं सामान आहे की त्याचा स्वतःचा आवाजच नाही. चांगला-वाईट आवाज रॅकमध्ये आधीच ठरलेला आहे. कंट्रोलर फक्त हाताचं म्हणणं तिकडे पोचवतो. मग ज्याचा हात, त्याच्यावरून निवड नको का? घोड्याची खोगीर दुसऱ्याच्या मापाची घेऊन चालत नाही.

कीबोर्ड वाईट नव्हता हेही सांगतो. आमच्या एका अधिकाऱ्यांचा मुलगा घरच्या कॉम्प्युटरवर ताल बनवायचा. त्याने तो पाहिला आणि त्याचे डोळे चमकले. पॅड, नॉब, यूएसबी, सगळं त्याच्याच कामाचं. त्याला कमी किमतीत दिला. तूट मी खिशातून भरली, पोरांना कळू दिलं नाही. आता कळेल.

दुसऱ्या वेळी मी आधी दुकानात गेलो नाही. बुवांजवळ बसलो. त्यांच्याकडे काय आहे याची यादी केली. उजवा हात उत्तम. डावा तळवा चांगला, पकड नाही. आणि उजवा पाय! वीस वर्षं फौजी ट्रकचा अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला पाय. घाटात भरलेली गाडी धक्का न देता चढवणारा. भाता पायाला द्यायचा हे तिथेच ठरलं.

यासाठी जे लागतं त्याला एक्स्प्रेशन पेडल म्हणतात. ते सस्टेनसारखं चालू-बंद नसतं, दाबाल तसे ० ते १२७ आकडे पाठवतं. मिडीमध्ये त्यासाठी ११ नंबरचा कंट्रोल राखून ठेवला आहे. ७ नंबरही आवाजाचाच, पण ७ म्हणजे रेडिओचं बटण, एकदा लावून सोडायचं. ११ म्हणजे भाता. म्हणून कीबोर्डच्या मागे सस्टेनशिवाय वेगळं एक्स्प्रेशनचं सॉकेट आहे का, हा माझा पहिला प्रश्न झाला. स्वस्तातल्या बऱ्याच कीबोर्डांना ते नसतं, आणि जाहिरातीत ते नाही असं कुणी लिहीत नाही. पेडल घेताना आणखी एक खबरदारी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेडलची आतली तारांची जोडणी वेगळी असते. चुकीची जोडी जमली तर आवाज उलटा चढतो किंवा टोकालाच उडी मारतो. दोन्ही एकत्र जोडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरा प्रश्न, पट्टीचा जोर बंद करता येतो का? म्हणजे कशीही दाबा, आकडा एकच जाईल. आम्ही तो १०० वर बांधला. सूर लगेच पेटीसारखे सपाट झाले आणि चढ-उतार सगळा पायाकडे गेला.

तिसरा प्रश्न, ट्रान्सपोजचं बटण समोर आहे की मेनूच्या पोटात? भजनात गाणारा बदलला की पट्टी बदलते. एक काळी दोनमध्ये गातो, दुसरा पांढरी चारमध्ये. स्केल चेंजर पेटीत आख्खा पट्ट्यांचा संच सरकवतात, इथे एक बटण दाबलं की झालं. पण ते अंधारात, गाणं चालू व्हायच्या आधीच्या दोन क्षणांत सापडलं पाहिजे.

चौथा, सूर वाकवायचं साधन कसलं आहे? काही कीबोर्डांना दोन बारीक चाकं असतात, ती अंगठ्याने फिरवावी लागतात. काहींना एक दांडा असतो, तो तळव्याने ढकलता येतो. आम्ही दांडाच घेतला. आणि इथे एक गोष्ट घडली ती मी ठरवलेली नव्हती. पेटीला मींड काढता येत नाही हे तिचं जुनं दुखणं. बुवांनी शहनाईचा आवाज लावून डाव्या तळव्याने दांडा हळूच ढकलला, आणि सूर एकातून दुसऱ्यात सरकत गेला. मिडीत या वाकण्याला १६,३८४ पायऱ्या आहेत, त्यामुळे मध्ये ठेच लागत नाही. ते थांबले. परत ढकलला. मग अर्धा तास मला कुणी विचारलंच नाही.

पट्ट्या किती, हा माझ्या यादीत पाचवा प्रश्न आहे, आणि उत्तर सोपं आहे. साडेतीन सप्तकांच्या पेटीला बेचाळीस पट्ट्या असतात, तेव्हा पेटीवाल्याला एकोणपन्नास पुरतात आणि एकसष्ट भरपूर होतात. आम्ही एकसष्ट घेतल्या, सेकंडहँड. वरचं सप्तक शहनाईला उपयोगी पडलं. पट्ट्या पूर्ण मापाच्या आणि हलक्या हव्यात. खेळण्यातल्या मापाच्या बारीक पट्ट्यांवर सवयीचं बोट दोन पट्ट्यांच्या मध्ये पडतं.

काही जाणकार म्हणतील, घ्यायचाच तर अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, पियानोसारख्या वजनदार हातोडीचा घ्यावा. ज्याने पियानो शिकलाय त्याने जरूर घ्यावा, हलक्या पट्टीवर त्याचा हात बिघडतो. पण पेटीचा हात त्या वजनावर तासाभरात थकतो. शिवाय तो दहा किलोच्या पुढेच जातो आणि दर दोन-तीन वर्षांनी मूव्ह ऑर्डर येते. ट्रंकेत न मावणारं वाद्य शेवटी नातेवाइकाच्या माळ्यावर जातं, हे मी अनेकांच्या घरी पाहिलं आहे.

आणि पॅड, नॉब, दिवे? माझं मत असं की रॅकच्या सिंथला त्यांचा उपयोग फार कमी. ज्या गोष्टी रोज लागतात त्या दोनच. बँक आणि पॅच नंबर पाठवायची सोय, म्हणजे दर गाण्याला डब्यापर्यंत वाकावं लागत नाही; आणि अडकलेला सूर बंद करायचं बटण. आरतीच्या मध्ये एक सूर अडकून राहिला की देवसुद्धा कान झाकून घेईल.

धुळीबद्दल एक शब्द, कारण दुकानदार हे सांगणार नाही. मी वर दोन संपर्कांबद्दल लिहिलं. ते रबराचे असतात. त्याखाली वाळूचा कण गेला की ती पट्टी एकतर मुकी होते नाहीतर पूर्ण जोरात ओरडते. लोक समजतात कीबोर्ड गेला. बहुतेक वेळा गेलेला नसतो. उघडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने संपर्क पुसले की परत चालू. म्हणून खालचा पत्रा साध्या स्क्रूंनी उघडणारा कीबोर्ड घ्या, आणि वाजवून झालं की वर चादर टाका. रेडिओ सेटला आपण जेवढं जपतो तेवढंच.

पुढच्या गणपतीला बुवा बसले. जनरल मिडीतल्या २१ नंबरच्या रीड ऑर्गनवर आरती आणि शहनाईवर अभंग. पहिल्या दिवशी बूट पेडलवरून घसरला, दुसऱ्या दिवसापासून अनवाणी. पेडलला किमान पातळी ठरवायचा छोटा नॉब होता, तो थोडा वर ठेवला, म्हणजे पाय पूर्ण उचलला तरी सूर मरत नव्हता. तो नॉब मी फिरवून दिला. शेवटच्या आरतीला आवाज वाढत गेला तेव्हा मी देवाकडे बघत नव्हतो, त्यांच्या पायाकडे बघत होतो. घाट चढत होता.

आता माझ्या माजी सैनिक मित्रांना एवढंच सांगतो. पेन्शनमधून गावच्या देवळाला, नातवाला किंवा जुन्या युनिटला कीबोर्ड भेट द्यायची इच्छा आपल्यापैकी बऱ्याच जणांना होते. चांगली इच्छा आहे. पण अचानक नेऊन देण्याचा मोह टाळा. वाजवणाऱ्याला दुकानात बरोबर न्या, त्याला पाच मिनिटं हात फिरवू द्या, आणि तोपर्यंत किंमत विचारू नका. त्याला जमलं नाही तर दुसरा कीबोर्ड पुढे ओढा. त्याने स्वतःलाच दोष द्यायच्या आत.

बुवा आता निवृत्त होऊन गावी आहेत. आजूबाजूच्या वाडीतली भजनी मंडळं त्यांना खरेदीला बरोबर नेतात. मध्ये फोनवर सांगत होते, दुकानदार दिव्यांचा आणि पॅडांचा पाढा वाचायला लागला की ते त्याला मध्येच थांबवतात आणि म्हणतात, "त्या ऱ्हवांदे. आधी फिरव, पाठ दाखव त्याची."